खजुरिया, हजुरिया, मजुरिया

सप्टेंबर १९९५. एकवीस तारखेला बडोद्यातल्या देवळांपुढे वाटी-चमचा घेऊन रांगा लागल्या होत्या. गणपती दूध पितो, अशी वार्ता देशभर पसरली होती. ते आश्चर्य ओसरते न ओसरते तोच घट बसले आणि गरब्याच्या मांडवात दुसरी वार्ता आली : सत्ताधारी भारतीय जनता पक्षाचे चाळिसांहून अधिक आमदार रातोरात विमानात बसून मध्य प्रदेशात खजुराहोला गेले. मूर्ती दूध पिते यावर विश्वास ठेवणारी माणसे या दुसऱ्या वार्तेवर मात्र विश्वास ठेवायला तयार नव्हती. काँग्रेसवाले असे करतील, जनता दलवाले तर करतीलच. पण शिस्तीचे, शाखेत घडलेले हे लोक?

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. दांडिया बाजारात राहायचो आणि एका सनदी लेखापालांच्या कचेरीत खतावण्या लिहायचो. राज्यशास्त्राचे रीतसर शिक्षण मला आजही नाही. वर्तमानपत्रांची कात्रणे जपून ठेवणे आणि दोन आकडे जुळत नसतील तर अस्वस्थ होणे, एवढेच माझे भांडवल. या प्रकरणाची कात्रणे ठेवलेला खोका गेली तीस वर्षे माझ्या माळ्यावर आहे. त्यातला एक हिशेब मला बराच काळ लागत नव्हता. एका पक्षाच्या विधानसभेतल्या आमदारांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसे फुटतात, फुटून राज्यही मिळवतात आणि दोन वर्षांत निवडणूक झाल्यावर चार जागांवर येतात. हे कसे होते?

आधी शीर्षकातल्या शब्दांविषयी. खजुराहोला गेले ते खजुरिया. मुख्यमंत्री केशुभाई पटेल यांच्या मागे जे राहिले त्यांना विरोधकांनी हजुरिया ठरवले. आपल्याकडे पेशवाईपासून हुजऱ्या हा शब्द आहे, त्याचाच हा गुजराती भाऊ. आणि जे इकडेही नव्हते, तिकडेही नव्हते, ज्यांनी नुसती सतरंज्या उचलायची मजुरी केली, ते मजुरिया. हे तीन शब्द कोणी पहिल्यांदा वापरले ते शोधण्याच्या फंदात मी पडलो नाही. ते एका तोंडाचे नसावेत. पण गुजरातच्या राजकारणाला त्यांनी जी तीन खणांची फडताळे दिली ती अजून वापरात आहेत.

आता मूळ भांडणाकडे येऊ. १९८० साली गुजरातच्या विधानसभेत भाजपचे ९ आमदार होते, १९८५ मध्ये ११. त्या वर्षी माधवसिंह सोळंकींच्या काँग्रेसने १८२ पैकी १४९ जागा जिंकल्या होत्या. तिथून भाजप १९९० मध्ये ६७ वर आणि मार्च १९९५ मध्ये १२१ वर गेला. ही चढण ज्यांच्या काळात झाली त्यांत शंकरसिंह वाघेला हे नाव अगदी वरचे. गांधीनगर जिल्ह्यातल्या वासण गावचे, संघातून जनसंघात आलेले, आणीबाणीत तुरुंगात गेलेले, १९७७ मध्ये कपडवंजमधून लोकसभेत पोहोचलेले. १९८० नंतरचा बराच काळ प्रदेशाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. लोक त्यांना बापू म्हणत. १९८९ मध्ये गांधीनगरची लोकसभा त्यांनी जिंकली, १९९१ मध्ये ती जागा लालकृष्ण अडवाणींसाठी सोडली आणि स्वतः गोध्ऱ्यातून निवडून आले. आपण बांधलेल्या घरात पहिला पाट आपला, असे त्यांना वाटले असेल तर ते अस्वाभाविक नव्हते. पाट मिळाला केशुभाईंना. तेही काही उपरे नव्हते. राजकोटचे जुने स्वयंसेवक, जनसंघाच्या पहिल्या पिढीतले. भांडण घरातल्याच दोन थोरल्यांचे होते.

या भांडणाला पटेल विरुद्ध क्षत्रिय असे रूप देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. वाघेलांच्या बाजूचे एक अग्रणी आत्माराम पटेल होते, हे एक नाव सांगितले तरी त्या मांडणीला भोक पडते. तत्त्वाचे भांडण तर मुळीच नव्हते. १९९५ मधल्या बंडात हिंदुत्वाविषयी, स्वदेशीविषयी किंवा दुसऱ्या कुठल्या धोरणाविषयी मतभेद झाल्याचे मला कात्रणांत सापडत नाही. सापडते ते हे : महामंडळांवरच्या नेमणुकांत आमची माणसे डावलली, मंत्रिमंडळात आमची माणसे नाहीत, संघटनमंत्री नरेंद्र मोदी राज्यकारभारात ढवळाढवळ करतात. पहिल्यांदाच स्वबळावर सत्ता आलेल्या पक्षाला वाटपाची रीत ठाऊक नव्हती. काँग्रेसला ती चाळीस वर्षांच्या सवयीने ठाऊक होती.

केशुभाई परदेशी गुजरात्यांकडून गुंतवणूक आणायला अमेरिकेत गेले आणि मागे हे घडले. आमदार आधी गांधीनगरजवळच्या एका गावात जमवले गेले, मग विमानाने खजुराहोला. मध्य प्रदेशात दिग्विजयसिंहांचे काँग्रेस सरकार होते, त्यामुळे तिथे गुजरातच्या पोलिसांचा हात पोहोचणार नव्हता. आमदारांना कोंडून ठेवण्याची कल्पना वाघेलांची नव्हे. १९८४ मध्ये एन. टी. रामाराव यांनी आपले आमदार कर्नाटकात नेऊन ठेवले होते आणि याच १९९५ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या हॉटेलात चंद्राबाबूंनी सासऱ्यांविरुद्ध माणसे जमवली होती. एक गोष्ट मात्र नजरेआड होते : वाघेला स्वतः आमदार नव्हते, खासदार होते. ज्या सभागृहात ते बसत नव्हते त्या सभागृहातले ४७ जण आपल्या बाजूला असल्याचा त्यांचा दावा होता.

४७ हा आकडा का महत्त्वाचा? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते, हा नियम. पण त्यात एक खिडकी ठेवली होती : विधिमंडळ पक्षाचे एकतृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले तर ते पक्षांतर नव्हे, ती ‘फूट’, आणि फुटीला शिक्षा नाही. १२१ चा तिसरा हिस्सा म्हणजे ४०.३३, माणूस अपूर्णांकात फुटत नाही, म्हणून ४१. चाळीस जण गेले असते तर चाळीसही अपात्र. एकेचाळिसावा आला की सगळे पवित्र. ४७ म्हणजे वर सहांची ठेव. कोणी घाबरून परत गेले तरी गणित मोडू नये. त्या आठवड्यात खजुराहोत आमदारांवर जो पहारा होता, तो खरे तर या सहा माणसांवरचा पहारा होता.

त्या खेपेला मात्र फूट कागदावर आलीच नाही. अटलबिहारी वाजपेयींनी येऊन तडजोड केली. केशुभाईंनी पायउतार व्हायचे, मोदींनी गुजरातबाहेर जायचे, आणि दोन्ही गटांना चालतील असे कच्छचे सुरेश मेहता मुख्यमंत्री व्हायचे. दिवाळीच्या तोंडावर, २१ ऑक्टोबरला मेहतांनी शपथ घेतली. मोदी राष्ट्रीय सचिव होऊन दिल्लीला गेले. वाघेलांना वाटले असावे की जिंकलो.

आमच्या वाड्यात एक काका राहायचे. नाव सांगत नाही. त्यांना आवडले नसते. जनसंघाच्या काळापासूनचे कार्यकर्ते. हुद्दा कधी घेतला नाही, तिकीट कधी मागितले नाही. पत्रा कापून साचे करण्यात त्यांचा हात बसलेला होता. दीपकाचा साचा त्यांनी कापला होता आणि १९८० नंतर कमळाचा. मध्यरात्री चुन्याची बादली आणि गेरू घेऊन ते भिंती रंगवायला निघत. लहानपणी मी कंदील धरून बरोबर गेलो आहे. खजुराहोच्या बातमीनंतर त्यांच्या ओट्यावरची संध्याकाळची बैठक मोडली. तीस वर्षे एकत्र बसणाऱ्या चौघांपैकी दोघांचे एकमेकांशी बोलणे बंद झाले. मी काकांना विचारले, तुम्ही खजुरिया की हजुरिया? ते म्हणाले, “मी मजुरिया. सतरंजी कोणाची का असेना, उचलायला मीच.”

मग १९९६ चा मे महिना. लोकसभेच्या निवडणुकीत १९९१ मध्ये २० जागा जिंकणारा भाजप गुजरातेत १६ वर आला. आमच्या बडोद्यात त्यांचा उमेदवार सत्यजितसिंह गायकवाडांकडून अवघ्या १७ मतांनी पडला. सतरा! आमच्या ओट्यावर बसणारी माणसे मोजली तरी हिशेब पुरा होईल एवढी. आणि गोध्ऱ्यात खुद्द वाघेला पडले. आपल्याच माणसांनी पाडले, असे त्यांच्या गोटाचे म्हणणे होते. त्याच महिन्यात तेरा दिवसांच्या सरकारचे पंतप्रधान म्हणून वाजपेयी अहमदाबादला आले. त्यांच्या सत्काराच्या ठिकाणी दुसऱ्या गटाच्या जमावाने वाघेलांच्या बाजूचे वयोवृद्ध मंत्री आत्माराम पटेल यांना मारहाण केली, त्यांचे धोतर फेडले. माझ्या मते पक्ष खरा फुटला तो खजुराहोत नव्हे, इथे. पदांवरून झालेले भांडण पदे देऊन मिटवता येते. म्हाताऱ्या माणसाचे भरसभेत फेडलेले धोतर कोणत्या तडजोडीने परत नेसवणार?

पुढचे वेगाने घडले. ऑगस्टमध्ये वाघेलांच्या आमदारांनी महागुजरात जनता पक्ष म्हणून वेगळी चूल मांडली. तिचीच पुढे राष्ट्रीय जनता पार्टी झाली. १८ सप्टेंबरला मेहतांनी विश्वासठराव मांडला तेव्हा सभागृहात माइक आणि खुर्च्या उडाल्या, विरोधकांना निलंबित करून त्यांच्या गैरहजेरीत ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रातल्या देवेगौडा सरकारने राष्ट्रपती राजवट आणली. महिनाभराने, २३ ऑक्टोबर १९९६ रोजी, वाघेला काँग्रेसच्या बाहेरून पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. बेरीज बघा : काँग्रेस ४५, फुटलेले साधारण तितकेच, आणि १८२ च्या सभागृहात बहुमताला हवेत ९२. काठावरचे राज्य. त्यात ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर भिंती रंगवल्या त्यांच्याच खांद्यावर उभे.

हे राज्य निष्क्रिय होते असे मात्र म्हणता येणार नाही. २ ऑक्टोबर १९९७ रोजी आणंद, दाहोद, नर्मदा, नवसारी आणि पोरबंदर हे पाच नवे जिल्हे झाले. जिल्ह्याच्या कचेरीसाठी दिवसभराचा प्रवास करणाऱ्या दाहोदच्या आदिवासी माणसाला त्याचा अर्थ विचारावा. पण त्याच महिन्यात काँग्रेसने वाघेलांना पायउतार व्हायला लावले. दिलीप परीख मुख्यमंत्री झाले, तेही टिकले नाहीत, विधानसभा विसर्जित झाली आणि १९९८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निवडणूक झाली.

आता तो न लागणारा हिशेब. १९९५ मध्ये भाजपला ४२.५१ टक्के मते होती. तिसऱ्या हिश्शाहून जास्त आमदार गेल्यावर, दोन वर्षांच्या तमाशानंतर, १९९८ मध्ये त्याला मिळाली ४४.८१ टक्के. जागा १२१ वरून ११७. काँग्रेसही ३२.८६ वरून ३४.८५ वर गेली. वाघेलांच्या पक्षाला ११.६८ टक्के मते आणि ४ जागा. म्हणजे फुटून निघालेल्या पक्षाला जवळजवळ बारा टक्के मते मिळाली, पण ज्यातून तो फुटला त्याची मते घटली नाहीत, वाढली. मग ही बारा टक्के आली कुठून? मी खूप दिवस भाजपच्या खात्यात शोधत होतो. चूक तिथे होती. १९९५ मध्ये १६ अपक्ष निवडून आले होते, १९९८ मध्ये ३. अपक्षांना मिळणारी, म्हणजे गावातल्या बड्या माणसाला त्याच्या नावावर मिळणारी मते वाघेलांच्या झेंड्याखाली गोळा झाली. राज्यभराच्या सरासरीत स्थानिक चढउतार बुडतात हे मला मान्य आहे. एखाद्या तालुक्यात भाजपचा मतदार बापूंबरोबर गेलाही असेल. पण ढोबळ ताळा असा बसतो : आमदारांनी आपल्याबरोबर नेले ते स्वतःचे वजन. पक्षाचे वजन जागच्या जागी राहिले.

त्याचे कारण मला आकड्यांनी नव्हे, काकांनी सांगितले. १९९८ च्या जानेवारीत वाघेलांच्या बाजूला गेलेले त्यांचे जुने सोबती ओट्यावर आले. नव्या पक्षाच्या नव्या चिन्हाचा साचा कापून द्या, म्हणाले. माणूस काकांच्या जिवाभावाचा. काकांनी चहा दिला, आणि साचा कापायला नकार दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, “पत्रा दोन दिवसांत कापून होतो रे. पण कमळ भिंतीवर ओळखीचे व्हायला आम्हाला पंधरा वर्षे लागली. याला दीड महिना आहे.” संघाची शाखा, गल्लीतला मतदारयादी हातात घेऊन बसणारा माणूस, दुपारी दोननंतर राहिलेली घरे आठवून उठवायला जाणारा मुलगा, हे विमानात बसत नाहीत. त्यांच्यापुढे एकतृतीयांशाची कलमे वाचून उपयोग नसतो. त्यांतले पुष्कळजण मनाने वाघेलांच्या बाजूचे होते, हे मी पाहिले आहे. पण काँग्रेसच्या पाठिंब्यावर बसलेल्या बापूंसाठी घरोघर जाणे त्यांच्याने झाले नाही.

वाघेलांनी पुढल्या वर्षी पक्ष काँग्रेसमध्ये विसर्जित केला. २००४ मध्ये ते केंद्रात वस्त्रोद्योगमंत्री झाले. केशुभाई १९९८ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले ते ऑक्टोबर २००१ पर्यंत. त्यांच्या जागी आले १९९५ च्या तडजोडीत राज्याबाहेर पाठवलेले नरेंद्र मोदी. खजुराहोची ती अट झाली नसती तर पुढचा इतिहास कसा झाला असता, असला खेळ मी खेळत नाही.

हीच गोष्ट भाजपच्या इतर फुटींनाही लागू पडते का, हे मी ताडून पाहिले. कल्याणसिंह बाहेर पडले, त्यांच्या राष्ट्रीय क्रांती पार्टीला २००२ मध्ये उत्तर प्रदेशात ४ जागा. उमा भारतींच्या भारतीय जनशक्तीला २००८ मध्ये मध्य प्रदेशात ५, आणि टीकमगढमधून त्या स्वतः पडल्या. येडियुरप्पांच्या कर्नाटक जनता पक्षाला २०१३ मध्ये ६. जागा सगळ्यांच्या एका हाताच्या बोटांवर, फार तर एक बोट जास्त. पण येडियुरप्पांचे प्रकरण माझ्या सिद्धान्ताला पुरते बसत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांना सहाच मिळाल्या, पण जाताना त्यांनी भाजपला ११० वरून ४० वर आणले. तिथे पक्ष नेत्याच्या मागे असलेल्या समाजावर उभा होता. गुजरातेत तो भिंती रंगवणाऱ्यांवर उभा होता. एकाच पक्षाचे दोन राज्यांतले पाये एका मातीचे नसतात. आणि हे तिघेही पुढे माघारी भाजपमध्ये गेले, हे विसरता कामा नये.

महाराष्ट्रातला वाचक इथे मनातल्या मनात जून २०२२ मध्ये पोहोचला असेल. शिवसेनेचे आमदार मुंबईहून निघाले तेव्हा पहिला मुक्काम आमच्या गुजरातेत, सुरतेला होता. (सुरतेचा हा गुण जुना आहे, १७७५ मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी करार केला तोही सुरतेचाच.) पण वाघेला आणि एकनाथ शिंदे यांच्यामध्ये एक मोठी भिंत आहे, तिचे नाव ९१ वी घटनादुरुस्ती. २००३ मध्ये तिने एकतृतीयांशाची ती खिडकी बुजवली. आता दोनतृतीयांश लागतात, तेही दुसऱ्या पक्षात विलीन होण्यासाठी. नुसते फुटून वेगळे राहण्याला कायद्यात आसराच उरला नाही. तेव्हा आजचा फुटीर आपण फुटलो असे म्हणूच शकत नाही. त्याला म्हणावे लागते की मूळ पक्ष आम्हीच. वाघेलांना नवे नाव शोधावे लागले, नवा साचा कापावा लागला. कमळ त्यांनी मागितले नाही. शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिंदे गटाला दिले. पक्षांतर अवघड व्हावे म्हणून केलेल्या दुरुस्तीने भांडण आमदारांच्या आकड्यावरून थेट भिंतीवरच्या चित्रावर आणून ठेवले. त्याचा निवाडा कसा झाला याविषयी माझे मत आहे, पण ते या लेखाच्या कक्षेत बसत नाही.

खोक्यातली शेवटची कात्रणे २०१२ ची आहेत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ज्यांच्याविरुद्ध बंड झाले होते त्या केशुभाईंनीच भाजप सोडून गुजरात परिवर्तन पार्टी काढली. खजुराहोच्या तडजोडीतून मुख्यमंत्री झालेले सुरेश मेहता त्यांच्याबरोबर होते. काका तेव्हा ऐंशीला टेकले होते, दिसायला कमी झाले होते, पेपर मी वाचून दाखवायचो. त्यांनी विचारले, किती जण आहेत त्याच्यामागे? मी आमदारांची, माजी मंत्र्यांची नावे सांगू लागलो. त्यांनी हाताने थांबवले. “ते नव्हे. मतदानाच्या दिवशी टेबल टाकून बसणारे किती?”

डिसेंबरात निकाल लागला. मी जाऊन सांगितले, केशुभाईंना दोन जागा.

“त्यातला एक तो स्वतः असेल,” काका म्हणाले.

तसेच होते.